चालू इंजिनावरची पट्टी

हेमेंद्र बिसेनच्या हातातली लोखंडी सब्बल तिसऱ्यांदा खाली आली, तेव्हा इंद्रकुमारने ओरडणेही सोडून दिले होते. डोके वाचवायला त्याने उजवा हात वर धरला होता आणि तो हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळला होता. खळ्यावर धान चुरायला आलेली माणसे पेंढ्यांच्या पुंजण्यांच्या आडून पाहत होती. पुढे कोणी सरकत नव्हते. श्यामलाल पटले तेवढे शेताच्या दोन बांध्या ओलांडून धापा टाकत आले आणि त्यांनी हेमेंद्रची कंबर मागून आवळली. दोघेही धसकटांवर आपटले. पासष्टी ओलांडलेल्या त्या माणसाच्या कपाळात धानाची खुंटे रुतली, पण पुढचा घाव चुकला.

झाले होते ते असे. हेमेंद्रचे वडील मुन्नालाल गोदामाच्या भिंतीशी पोती लावत होते. बिसेनांकडे दोन वर्षे ड्रायव्हरी करणारा इंद्रकुमार पिकअपमध्ये बसला. ही पिकअप गावातल्या इतर गाड्यांसारखी नव्हती. तिला क्लच नव्हता. लिव्हर एकदा डी या खुणेवर घातला की गेअर आपले आपणच बदलत. नागझिऱ्याकडचे एक पर्यटक निवास बंद पडले, तेव्हा तिथल्या लिलावात हेमेंद्रने ती चौदा वर्षांची जुनी गाडी घेतली होती. इंद्रकुमारने लिव्हर डीवर घातला. गाडी जागची हलली नाही. त्याने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला, आणि दुसऱ्याच क्षणी गाडी उसळून थेट भिंतीवर गेली. मधे मुन्नालाल होते. मांडीचे हाड मोडल्याचा आवाज चुरणीच्या यंत्राच्या घरघरीतही सगळ्यांनी ऐकला.

आता गोंदियाच्या एकाच दवाखान्यात वरच्या मजल्यावर मुन्नालाल पडले होते आणि खालच्या मजल्यावर इंद्रकुमार. खालच्या खाटेशी शिपाई बसला होता, कारण हेमेंद्रने ठाण्यात लिहून दिले होते की, सकाळी मालकाने शिव्या दिल्या त्याचा राग धरून ड्रायव्हरने मुद्दाम गाडी अंगावर घातली. हात मोडलेला माणूस बरा झाल्यावर थेट तुरुंगात जाणार, असे गाव उघड बोलू लागले होते.

चौथ्या दिवशी इंद्रकुमारची बायको रुख्मा माहेरची दहा माणसे घेऊन खळ्यावर उभी राहिली. तिचा भाऊ मुन्ना सर्वांत पुढे होता आणि त्याच्या हातात तेल पाजलेली लाठी होती. हेमेंद्रच्या बाजूनेही सात-आठ जण उतरले. दोघांच्या हातात कुऱ्हाडी होत्या आणि हेमेंद्रच्या हातात सब्बल. पाऊस जाऊन महिना झाला होता, आणि भेगाळलेल्या बांध्यांवरून येणारा कोरडा वारा धानाची कुसे डोळ्यांत नेऊन घालत होता. हेमेंद्रची आई सुशिलाबाई ओट्यावर बसली होती. तिने कोणाला हाकलले नाही आणि कोणाला या असेही म्हटले नाही.

रुख्मा म्हणाली, "हेमेंद्रभाऊ, तू माज्या माणसाचा हात तोडलास, ते मी नंतर पाहीन. पन त्यानं जाणून गाडी नेली, हे ठाण्यात कायले लिहून देल्लास? गाडी झटके मारून रायली म्हणून त्यानं तुले तीनदा सांगतलन."

"गाडीत काई खराबी नाई," हेमेंद्र म्हणाला. "गेअरचं तेल दर शनिवारी मी सोता पाहतो. मापाची पट्टी फुल राहते. त्याच्या पायातच खोट आहे."

शब्दाला शब्द भिडत गेला. शेवटी हेमेंद्रनेच डाव मांडला. तिथेच उभे असलेले श्यामलाल पटले सर तंत्रनिकेतनात तीस वर्षे इंजिने शिकवीत होते, एक वर्ष तो स्वतः त्यांच्या वर्गात बसला होता, आणि ही पिकअप घेतानाही तेच तपासायला सोबत होते. सरांनी गाडीत दोष दाखवला तर तो तक्रार चुकीची होती असे लिहून देईल. नाही दाखवला तर या लोकांनी लाठ्या उचलून चालते व्हावे. हे तो इतक्या बेफिकिरीने बोलला की त्याला स्वतःच्या जिंकण्याची शंकाच नव्हती हे उघड दिसत होते.

श्यामलालांनी खिशातली वही काढली. दुखणे समजल्याशिवाय हत्यार हातात घ्यायचे नाही, ही त्यांची सवय होती. त्यांनी रुख्माला विचारले, इंद्रकुमार घरी या गाडीबद्दल काय सांगत असे. तिने सांगितले की पहिल्या गेअरमधून दुसऱ्यात जाताना मागून कोणी लाथ घालावी तशी गाडी हिसडा देते, आणि उभ्या गाडीला गेअर घातला की ती आधी ऐकत नाही, मग एकदम ऐकते. श्यामलालांनी ते तसेच्या तसे उतरवून घेतले. नंतर बॉनेट उघडले, गेअरच्या तेलाची लांब पट्टी नळीतून उपसली, कापडाने पुसली, पुन्हा आत घातली आणि बाहेर काढली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते.

हेमेंद्रने पट्टी त्यांच्या हातातून हिसकावली आणि रुख्माच्या डोळ्यांपुढे धरली. "पाय, फुल आहे का नाई. आता जा घरी ना नवऱ्याले डबा ने तुरुंगात."

मुन्नाची लाठी हेमेंद्रसाठी उठली होती, ती शेजारच्या मजुराच्या खांद्यावर बसली. त्या मजुराने कुऱ्हाडीचा दांडा मुन्नाच्या तोंडावर हाणला आणि मुन्नाने रक्तासोबत एक दात थुंकला. मग कोण कोणाला मारतो हे कळेनासे झाले. माणसे धसकटांत लोळू लागली, एकाचे डोके बैलबंडीच्या चाकावर आपटले, एकाचा कान फाटला. श्यामलाल गाडीत शिरले, त्यांनी किल्ली फिरवली आणि हॉर्नवर तळहात दाबून धरला. तो कर्कश आवाज थांबेचना. लोकांचे हात हळूहळू सैल पडले आणि धापा टाकणारी तोंडे गाडीकडे वळली.

"तपासणी अजून संपली नाही," श्यामलाल खिडकीतून म्हणाले. "आतापर्यंत बंद गाडी पाहिली. आता चालू पाहायची आहे."

त्यांनी इंजिन चालू ठेवले आणि घड्याळ पाहून पंधरा मिनिटे ते गरम होऊ दिले. ती पंधरा मिनिटे कोणी बसले नाही. मुन्ना तोंडाला दुपट्टा लावून उभा होता आणि कुऱ्हाडवाला त्याच्यावरची नजर काढत नव्हता. मग ब्रेकवर पाय ठेवून श्यामलालांनी लिव्हर प्रत्येक खाचेतून नेऊन परत पीवर, म्हणजे पार्किंगवर, आणला. दर वेळी गाडी क्षणभर गप्प राही आणि मग तिच्या सगळ्या पत्र्यातून हिसडा जाई. इंजिन तसेच चालू ठेवून ते उतरले आणि त्यांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवली. या वेळी ती वर आली तेव्हा खालच्या खुणेपर्यंतही तेल नव्हते. टोकाला तेवढा एक काळपट थेंब होता. त्यांनी पट्टी रुख्मापुढे धरली. तिने वास घेतला.

"करपलं आहे हे," ती म्हणाली.

हेमेंद्रने पट्टी पाहिली, सरांच्या हातातले कापड पाहिले. त्याच्या मानेची शीर ताठ झाली. "तुमी पुसून काढली. तिच्या बाजूनं होऊन रायले तुमी, सर."

"मग माझ्यावर विश्वास ठेवू नको," श्यामलाल म्हणाले. "तू बस. इंद्रकुमार बसला होता तसाच बस आणि गाडी भिंतीकडे ने."

त्यांनी भिंतीपुढे कोंड्याच्या भरल्या पोत्यांची चळत लावून घेतली आणि सगळ्यांना पुंजण्यांच्या मागे पाठवले. हेमेंद्र सब्बल आडवी ठेवून सीटवर बसला. त्याने लिव्हर डीवर घातला. गाडी उभीच राहिली. तो गर्दीकडे पाहून तुच्छतेने हसला, पायाखालचा पेडल हलकेच दाबला, आणि गाडी हलेना म्हणून जरा अधिक दाबला. पिकअप उसळली. पोती फुटली, कोंड्याचा लोट उठला, बंपर भिंतीवर आदळला, आणि हेमेंद्रचे तोंड स्टिअरिंगवर आपटल्याचा आवाज बाहेर ऐकू आला. श्यामलालांनी धावत जाऊन किल्ली बंद केली.

हेमेंद्र खाली उतरला तेव्हा त्याचा वरचा ओठ दुभंगला होता आणि रक्ताला कोंडा चिकटला होता. रुख्मा दोन पावले पुढे आली.

"तू कोनावर राग धरून गाडी नेलीस गा, हेमेंद्रभाऊ?"

त्याने तिच्याकडे पाहिले नाही. तो सरांकडे पाहत होता, आणि त्याचा आवाज वर्गात उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्यासारखा झाला होता. पट्टी तर फुल होती, तो म्हणाला, दर शनिवारी फुल होती. श्यामलालांनी समजावले. इंजिन बंद असले की या गेअरबॉक्समधले तेल सगळे खाली उतरून साचते आणि पट्टी भरलेली दिसते. इंजिन चालू झाले की ते वर खेळू लागते, आणि मग पट्टीवर जे उरते तेच खरे माप. कुठूनतरी तेल झिरपत गेले असणार. ते कमी पडले की गेअर पकडायला वेळ लागतो, आणि पकडतो तो झटक्याने. ट्रॅक्टरचे तेल मात्र बंद इंजिनावरच पाहतात.

"मी ट्रॅक्टरसारखंच पाहिलं," हेमेंद्र म्हणाला. "मले कोनी सांगतलंच नाई."

इथे श्यामलाल थांबले. ते गप्प राहिले असते तर कोणाला काही कळण्याचा प्रश्न नव्हता. लिलावाच्या दिवशी गाडी तपासून झाल्यावर त्यांनी हेमेंद्रला एकच वाक्य सांगितले होते: दर शनिवारी तेल पाहत जा. कसे पाहायचे ते सांगितले नव्हते, कारण आपल्या हाताखाली शिकलेल्याला ते ठाऊक असणार असे त्यांनी धरले होते. त्यांच्या वर्गात मात्र तीस वर्षे क्लचवालाच गेअरबॉक्स टेबलावर होता. दुसरा कोणता त्यांनी कधी उघडून दाखवला नव्हता.

"मी सांगायला पाहिजे होतं," ते म्हणाले. "नाही सांगितलं. ती चूक माझी आहे."

हेमेंद्रची मूठ त्यांच्या तोंडावर बसली. चष्मा उडाला. ते गुडघ्यांवर आले तोच मुन्नाची लाठी त्यांच्या पाठीत पडली, आणि मागून कोणीतरी लाथ घातली. ती कोणत्या बाजूच्या माणसाची होती हे त्यांना कळले नाही. चार दिवसांत दोन्ही बाजूंचे पहिल्यांदाच एकमत झाले होते. हेमेंद्र गाडीतल्या सब्बलीकडे वळला, तोच सुशिलाबाई ओट्यावरून उतरली आणि तिने लेकाची कॉलर पकडली.

"त्या बुडग्याले काय मारतोस," ती म्हणाली. "त्यानं तं आपलं कबूल केलन. तुजं तू कर."

तिचा हात कॉलरवरून सुटला नाही. हेमेंद्रने एकदा तो झटकला. बाईने पुन्हा धरला. पुंजण्यांच्या आड उभी असलेली माणसे आता उघड्यावर आली होती. त्यांतला त्याचा स्वतःचा कुऱ्हाडवालाही त्याच्याकडे न पाहता कुऱ्हाडीची धार अंगठ्याने चाचपत होता.

श्यामलालांनी चष्मा शोधला. एक काच फुटली होती. ते बॉनेटला टेकून उभे राहिले, वहीचे पान फाडले आणि लिहू लागले: कोणी कोणाला काय सांगायचे राहिले, पट्टीवर बंद इंजिनावर किती तेल दिसले, चालूवर किती, आणि हेमेंद्रच्या हातून तीच गाडी त्याच भिंतीवर कशी गेली. लिहिताना त्यांच्या ओठातून रक्त ठिबकत होते. हेमेंद्र सही करायला वाकला, तेव्हा त्याच्याही तोंडातून ठिबकले. रुख्माने कागद सरांपुढे धरून त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि परत बॉनेटवर ठेवला.

"काकाजी, यावर रगत सांडलं," ती म्हणाली. "ठाण्यात म्हनतील, मारून लिहून घेतलं. दुसरा लिहा. अना तुमची चूक वर कायले लिहिली? वर माज्या माणसाचं लिहा. तुमचं खाली रायलं तरी चालते."

श्यामलालांनी तोंड बाहीला पुसले, डाव्या हाताने दुपट्टा ओठावर दाबून धरला आणि नवे पान काढले. पहिली ओळ त्यांनी लिहिली: इंद्रकुमार याचा कोणताही दोष नाही. हेमेंद्रने तोंड बाजूला वळवून, हात लांब करून दुसऱ्यांदा सही केली. रुख्माने पहिल्या ओळीवर बोट ठेवून ती पुन्हा एकदा वाचून घेतली, कागद कोरडा असल्याची तळहाताने खात्री केली, आणि मगच भावाला ठाण्यावर जाण्यासाठी मोटारसायकल सुरू करायला सांगितले.