खालून वाचायची प्लेट

धाकटीने जांभळी प्लेट रुमालात गुंडाळून पिशवीत कोंबली आणि चेन इतक्या रागाने ओढली, की चेनचे दातच निसटले.

“ही कशाला घेतलीस?” दादाने विचारलं. “बोलणार तर सर आहेत.”

“माझी आहे म्हणून.”

विषाणूंच्या त्या प्रयोगशाळेत ती सगळ्यांत नवी, म्हणून धाकटी. तो चार वर्षं तिथेच घासत होता, म्हणून दादा. आजचं भाषण तिचं होतं. पहिलंच. बारा मिनिटांचं. तीन आठवडे ती ते आरशापुढे, जिन्यात, बसथांब्यावर म्हणत आली होती. आणि आज सकाळी सरांनी चहा ढवळत सांगून टाकलं: पाहुणे मोठे आहेत, मीच बोलतो, तुझं नाव शेवटी आभारात आहेच की.

आभारात. फ्रिज दुरुस्त करणाऱ्याच्या खाली.

“गिळून टाक राग,” दादा म्हणाला. “मी काय कमी गिळलाय? सवय होते हळूहळू.”

“तुला झाली असेल.”

तो हसला, पण तोंड फिरवून.

सभागृहात व्यासपीठामागे भलामोठा फलक होता: ‘नव्या संशोधकांना बळ देऊ या’. त्यातल्या ‘बळ’च्या बरोबर खाली सर उभे होते. धाकटी तिसऱ्या रांगेत बसली. दादा नेहमीप्रमाणे मागे, दाराजवळ.

पडद्यावर तिची प्लेट आली. सहा खळगे, तीन डावीकडे, तीन उजवीकडे. प्रत्येकात जिवंत पेशींचा पातळ थर वाढवलेला आणि मग जांभळा रंगवलेला. विषाणूने जिथे पेशी खाल्ल्या तिथे पांढरं भोक. एका बाजूला जुना विषाणू, दुसरीकडे त्याचं नवं रूप, आणि दोन्हींवर लस घेतलेल्या माणसांचं रक्तद्रव. ते विषाणूला अडवतं का, हे भोकं मोजून कळायचं. तिने ती एकूण एक मोजली होती. भोकागणिक पेनाचं एक टिंब, ओठांत गुणगुणत, कुणाला थोपटून निजवावं तशी. झाकणांची अदलाबदल होते, म्हणून ती सगळं प्लेटच्या बुडावर लिहायची. फोटोही बुडाकडूनच काढायची.

पडद्यावर तिची टिंबं नव्हती. तारीख नव्हती. कोपऱ्यातली तिच्या नावाची दोन अक्षरं सफाईने पुसलेली होती. तिचे कान तापले.

मग तिला दिसलं, की बुडावरची ‘नवा’, ‘जुना’ ही लेबलंही त्याबरोबर गेलीत. त्यांच्या जागी छापील, ठसठशीत लेबलं होती. सरांनी ती तिच्या वहीतल्या आराखड्यावरून उतरवली होती. आराखडा वरून पाहून काढलेला, फोटो खालून. डावं उजवं झालं होतं. तिने निकाल सांगितला होता सोमवारीच. सर फोनवर बोलता बोलता मान हलवत होते.

“तेव्हा नव्या रूपालाही लस पुरते,” सर म्हणाले. “घाबरायचं कारण नाही.”

टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतले दोघे खाली मान घालून लिहू लागले.

अध्यक्षस्थानी पांढऱ्या केसांच्या बाई होत्या. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मग जुन्यालाच का पुरत नाही? तो तर लसीने आजवर अडवलाय.”

“तेच तर नवल आहे, बाई!”

बुडू दे त्यांना, धाकटीला वाटलं. गळ्यापर्यंत बुडू दे. तिने खुर्चीचा हात घट्ट धरला. पुढचे दोघे अजून लिहीत होते. त्यांचं लिहिणं उद्या कुठे कुठे जाणार होतं.

ती उठली. “नावं उलटी लागलीत, सर.”

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग सभागृहाकडे, आणि हसले. “आमच्या मुलीने फोटो उलटा काढलेला दिसतोय. नवीन आहे. सांभाळून घ्या.”

लोकही हसले. समजूतदारपणे.

ती पिशवी उघडायला गेली तर चेन अडकली. तिने ती सरळ फाडली. रुमाल सोडत ती व्यासपीठावर चढली आणि प्लेट बाईंपुढे ठेवली.

“यातलं सगळं मेलेलं आहे, बाई. हात लावलात तरी चालेल. फक्त खालून वाचा.”

बाईंनी प्लेट डोक्यावर दिव्यासमोर धरली. त्यांच्या कपाळावर जांभळा उजेड पडला.

“डावीकडे नवा,” त्या माइकमध्ये सावकाश म्हणाल्या, “उजवीकडे जुना. म्हणजे नवा अडत नाहीये.” पुढच्या रांगेतली पेनं थांबली. “हं. पंधरा तारीख, दुपारी साडेचार. टिंबंसुद्धा कशी मोजून दिलीत! आणि ही दोन अक्षरं? कुणाची?”

“प्रयोगशाळेची,” सर चटकन म्हणाले. “बाई, वेळ संपत आला—”

धाकटीने तोंड उघडलं.

मागे, दाराजवळ, एक खुर्ची करकरली.

दादाने तिचं नाव सांगितलं. पूर्ण, आडनावासकट, शेवटच्या रांगेतून पहिल्या रांगेपर्यंत पोचेल असं.

नाव सांगून झालं, तरी तो खाली बसला नाही.