खांबावरून उतरलेली दोरी

मी दोरी बोलतेय, शाळेच्या झेंड्याची. थकले आहे, म्हणून गोडगोड बोलणं जमायचं नाही.

वडनेर भोलजीच्या बाजारातून अश्विनी मॅडमनी मला निवडून आणलं. नाहीतर गोठ्यात दावं झाले असते. मिळाला खांब, पण मान वर्षातून दोनच दिवस. एरवी पोरं मला धरून झोके घ्यायची. खिचडी शिजवणारी झुंबरबाई माझं टोक खिडकीला ताणून ओली फडकी वाळत घालायची. त्या दोन दिवशी मात्र सगळ्या गावाला देश आठवायचा. भाषणं, सलामी, फोटो, बुंदी. बुंदी संपली की देशही संपला.

यंदा मॅडम म्हणाल्या, "भाषणानं पोरांच्या मनात देश उतरत नाही. जिनं वर्षभर शाळा बुडवली नाही, ती झेंडा चढवील."

ती म्हणजे झुंबरबाईची लेक सुचिता, सातवीतली. आठवडाभर पोरगी मला हळूहळू ओढत सराव करत होती. तिचे तळवे माझ्या ओळखीचे झाले.

पंधरा ऑगस्टला सरपंच नारायणराव कडक इस्त्रीत आले. "पोरीच्या हातानं काऊन? मान कोणाचा असते?"

"मान झेंड्याचा असते, भाऊ," झुंबरबाई म्हणाली.

"तू खिचडीकडं पाह्य, झुंबरे. करपून राह्यली."

लोक हसले. मॅडम काही बोलणार, तोवर नारायणरावांनी मला सुचिताच्या हातातून घेतलंसुद्धा. पोरीनं मान खाली घातली. मला तिथंच तुटावंसं वाटलं.

सव्वीस जानेवारीला झेंडा आधीच वर बांधलेला असतो. एक झटका दिला की उघडतो. पंधरा ऑगस्टला तो खालून सावकाश चढवायचा. पण नारायणरावांचं ध्यान मोबाइलकडं. झेंडा अर्ध्यात आला आणि दिला झटका. मी कप्पीतून निसटून बाजूला रुतले. झेंडा अर्ध्यावर थांबला, कोणी मोठं माणूस गेल्यावर ठेवतात तसा.

"ओढा ना बे," ते पोरांवर खेकसले. पोरांनी ओढलं तशी मी आणखी रुतले. शेवटी झुंबरबाई सुरी घेऊन टेबलावर चढली आणि तिनं झेंड्याच्या वरून मला कापलं. खाली सुचिता हात पसरून उभी होती. तिनं झेंडा मातीला लागू दिला नाही.

मॅडमनी तो बांबूला बांधला. राष्ट्रगीत संपेस्तोवर सुचिता बांबू धरून उभी राहिली, तसूभर हलली नाही. नारायणरावांना तिच्याकडं तोंड करून सलामी द्यावी लागली.

खांबाला नवी दोरी आली. माझ्या एका तुकड्याला शेळी बांधली आहे, दुसऱ्यावर सुचिता उड्या मारते. मातीला घासून मी पार झिजत चालले.

परवा नारायणराव तिथून जाताना थांबले. "काय वं, झेंड्याची दोरी खेळायची असते काय?"

उड्या न थांबवता पोरगी म्हणाली, "झेंड्याची होती तवा तुम्ही हातात ठेवू देल्ली नाही."

ते झपाझप पुढं गेले.

सव्वीस जानेवारी जवळ आली आहे. नवी दोरी कोणाच्या हातात द्यायची, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी निघते, पोरगी मला न्यायला आली.