बसला आपण दिसतो काय?

वासू हुबळीत एका ॲप बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. काम म्हणजे काय, बसस्टॉपवर उभं राहायचं, माणूस दिसला की धरायचं आणि विचारायचं, तुम्हाला मोबाईलमध्ये काय पाहिजे? दोन वर्षं त्यानं तेच केलं. शहरातली माणसं एका दमात सांगायची. बस कुठं आलीय ते दाखवा. बसायला जागा आहे का ते दाखवा. सुट्ट्या पैशांवरनं भांडण नको, तिकीट मोबाईलवरच द्या. एक कॉलेजची मुलगी म्हणाली होती, चढायच्या आधी बसमध्ये किती बायका आहेत ते कळायला पाहिजे. वासू सगळं इमानदारीत लिहून घ्यायचा.

ॲपची चाचणी सुरू झाली तेव्हा त्यानं साहेबांच्या मागं लागून एक जंगलातली बसही त्यात घालायला लावली. कुंभारवाड्याची, त्याच्या गावाकडची. साहेबांना वाटलं, पोराला गावाची हौस. खरं कारण त्याची आई. तुळजाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी नऊला दांडेलीत डायलिसिस. एक खेप चुकली की पाय सुजायचे, श्वास लागायचा. बस येणार कधी साडेसहाला, तर कधी साडेसातला. म्हणून ती अंधारातच घर सोडायची आणि बसत-उठत फाट्याचा चढ चढायची. कधी तास-तास धुक्यात बसून राहायची, तर कधी बसच येऊन तिच्यासाठी थांबलेली असायची.

बस थांबायची ती फांदीमुळं. तिकडं घरं रस्त्यापासनं लांब, ओहोळाच्या पल्याड, एक इथं तर एक तिथं. ज्याला बसनं जायचंय त्यानं फाट्यावरच्या दगडावर हिरवी फांदी ठेवायची. ती दिसली की ड्रायव्हर महाबळेश्वर गाडी उभी करणार, दोनदा हॉर्न मारणार आणि माणूस येईस्तोवर वाट बघणार. अशी ती रीत.

रविवारी संध्याकाळी वासूनं आईला ओसरीवर बसवलं आणि फोनवर ॲप दाखवलं.

"आये, ही निळी टिकली बघ. ही बस."

"आन ही तांबडी?"

"ती तू. आता घरातच बसायचं. बस जवळ आली की निघायचं."

तुळजानं फोन दोन्ही हातांत धरला. "म्हंजे म्हाबळूला कळतंय, मी येतीय ते?"

वासूचं डोकं दुसरीकडंच. घरात नेट धरत होतं, त्याच्याच आनंदात तो. "व्हय, व्हय," म्हणाला.

तेवढ्यात शेजारचा गणपती अंगणात आला. दर सोमवारी-गुरुवारी रानात जाताना तुळजाची फांदी तोच ठेवायचा.

"तुळजाक्का, उद्या फांदी ठेवू न्हवं?"

"नको रं बाबा. आता फोन हाय. त्यात मी दिसती."

"आयला! मोठी मान्सं झाला की तुमी. आता म्हाबळू गाडी दारातच घालतोय बघ."

गणपती हसत गेला. वासूही हसला. त्यानं ऐकलं होतं सगळं. पण त्याला वाटलं, वेळ कळल्यावर फांदी कशाला?

सकाळी टिकली हलली. ॲपनं सांगितलं, फाटा चालत दहा मिनिटं. ते हिशेब शहरातल्या धडधाकट पायांचे. तुळजा ओहोळाशीच दोनदा टेकली.

"आये, जरा पाय उचल. बस आलीच."

"घाई कशाला? दिसती न्हवं मी त्याला."

"कुणाला?"

"म्हाबळूला. फोनात."

वासू पळत सुटला. वरनं गाडीचा आवाज आला, जरा मंदावला, आणि पुढं गेला. तो फाट्यावर पोचला तेव्हा रस्त्यावर नुसता धूर.

परत आला तर आई वाटेतच खाली बसलेली.

"मला बघून बी गेला व्हय तो? बारा वर्सं भाऊ म्हणती मी त्याला. माजं काय चुकलं रं?"

"तुझं न्हाई, माझं चुकलं. आये, आपल्याला बस दिसती. बसला आपण दिसत न्हाई."

"मग ती तांबडी टिकली?"

"ती फकस्त आपल्यालाच दिसती."

तुळजानं फोन त्याच्या हातात परत दिला. ते त्याला शिव्यांपेक्षा जड गेलं.

पुढची बस अकराला. वासूनं गणपतीची बाईक मागून आणली. आईला मागं बसवलं, तिचे हात आपल्या पोटावर एका हातानं दाबून धरले आणि दुसऱ्या हातानं हळूहळू गाडी हाकत पुढच्या स्टँडची, जोयड्याची वाट धरली. बस तिथं चहाला अर्धा तास थांबते, तेवढाच आधार.

स्टँडवर बसचं इंजिन सुरू झालेलं. महाबळेश्वरनं खिडकीतनं बघितलं आणि खाली उतरला. पण जवळ येईना.

"अक्का?"

"मीच रं."

तो बसच्या पायरीवरच बसला. तोंडावर टॉवेल धरला. टॉवेलाआडनंच म्हणाला, "सोमवार, आन दगडावर फांदी न्हाई. मला वाटलं, सपलं. थांबाय गेलो, ब्रेकवर पाय जाईना. हॉर्न बी मारवला न्हाई."

आत माणसं उभी होती, पण दारामागची, तुळजाची नेहमीची खिडकीची जागा रिकामी. तिथं कुणी बसलं नव्हतं. बाजाराला निघालेली शकुंतला आतनंच ओरडली, "मेली न्हाईस व्हय गं? आमी रडून बी घेतलं. ते आता परत दे!"

बस हसली. तुळजा पण हसली, धाप लागेपर्यंत. महाबळेश्वर तेवढा पायरीवरनं उठेना. कंडक्टरनंही त्याला हटकलं नाही.

दांडेलीला नर्स कुरकुरली, पण तिनं तुळजाला मशीनवर घेतलं. वासू दाराबाहेर टेकला आणि फोन वाजला. साहेब.

"वासू, तुझी ती जंगलातली बस. जोयड्याला नऊ मिनिटं जास्त उभी. इंजिन चालू ठेवून. ड्रायव्हर झोपला होता काय? डिपोला कळवायचंय, फॉर्ममध्ये कारण भर."

गाडीत बिघाड म्हटलं असतं तर भागलं असतं.

"सर, तो रडत होता."

"काय?"

"माझी आई गेली असं वाटलं त्याला. आई बरी आहे. त्याची चूक नाही, माझी आहे. तसंच भरतो."

साहेबांनी फोन ठेवला.

वासूनं फॉर्म उघडला. कारणं चारच होती, वाहतूक, बिघाड, पाऊस, इतर. त्यानं इतर दाबलं आणि गणपती फांदीचं विचारायला अंगणात आला होता तिथनं लिहायला घेतलं.