ब्राझीलचा दिवाण

माझी बायको शालन वारली आणि त्यानंतर घाणेकर गुरुजींच्या घरी राहायला गेली.

हे मला गुरुजींनीच फोनवर सांगितलं. कार्य आदल्या दिवशी उरकलं होतं, पाहुणे गेले होते. मी आणि आमचा मुलगा निशिकांत चहा पीत होतो. गुरुजी म्हणाले, "मयेकर, जरा येऊन जाता का? तुमच्या मिसेस आल्यात."

"कुठे?"

"आमच्याकडे. पडवीत आहेत, दिवाणावर."

मी फोन ठेवला. कप तोंडाला लावला तर रिकामा होता. चहा माझ्या शर्टावर सांडला होता आणि मला तो गरमही लागला नव्हता.

दिवाण मीच दिला होता. कार्याला शय्यादान करतात, गेलेल्या माणसाला पुढे झोपायला बिछाना हवा म्हणून. लोक फोल्डिंगची खाट देतात, वर एक गादी आणि उशी. मला ते बरं वाटलं नाही. शालन शेवटचे महिने ज्या दिवाणावर पडून होती तोच मी दिला. गुरुजींनी सांगितलं तसं त्याच्यावर तुळशीचं पान ठेवलं, पळीने ताम्हनात पाणी सोडलं आणि "न मम" म्हटलं. म्हणजे हे आता माझं नाही. गुरुजी टेम्पोतून दिवाण घेऊन गेले.

दिवाण ब्राझीलचा होता, वेताने विणलेला. मी मालवाहू जहाजावर फिटर होतो. आमचं जहाज साखर भरायला सांतोस बंदरात लागायचं. तिथे जुनी घरं रिकामी व्हायची तेव्हा लोक सामान फुटपाथवर मांडायचे. पन्नास-साठ सालातलं लाकडी सामान. लाकूड जाकारांडाचं, आपल्या शिसवीसारखं काळसर, आत तांबड्या रेषा. कुठे कड टोचत नाही. पहिल्यांदा मी एक स्टूल घेतलं. ज्या म्हातारीचं ते होतं तिने मला त्याच्यावर बसवलं, उठवलं, परत बसवलं आणि मगच दिलं. मी ते डोक्यावर घेऊन जहाजापर्यंत चालत आलो.

घरी शालन म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन स्टूल आणलंत? रत्नागिरीतले सुतार मेले काय?"

पण आठवड्याभरात ती त्याच्यावर कोणाला बसू देईना. पुढच्या खेपेला मी निघालो तर दारात म्हणाली, "या वेळी पाठ असलेलं काहीतरी बघा." असं आमचं सुरू झालं. मी आणायचो, ती सांभाळायची. चामड्याच्या जाड गाद्यांची बुटकी खुर्ची होती, तिला ती म्हैस म्हणायची. वेताच्या पाठीची बारीक पायांची खुर्ची म्हणजे बगळा. सरकत्या दारांचं लांब कपाट म्हणजे मावशी, कारण त्यात सगळं मावायचं. उन्हाळ्यात वेत सैल पडतो म्हणून ती त्याच्यावर पाणी मारायची. लाकडाला तेल तीच लावायची. मला लावू द्यायची नाही. माझा हात जड आहे म्हणायची.

मी वरच्या आळीत गुरुजींच्या घरी गेलो. पडवीत दिवाण होता आणि शालन त्याच्यावर कुशीवर झोपली होती, भिंतीकडे तोंड करून. तिची ती रोजची पद्धत. एक हात दिवाणाच्या काठावरून खाली गेला होता. म्हणजे काठापर्यंत हात होता. काठाच्या पुढे नव्हता.

घाणेकर वहिनी दारात उभ्या होत्या. "सकाळी सडा घालायला आले तर ह्या. मी म्हटलं, चादर घालू का? तर चादर आरपार जाते."

"शालन," मी म्हटलं.

"ऐकू जात नाही त्यांना," गुरुजी म्हणाले. "मी विष्णुसहस्रनाम म्हणून बघितलं."

मी म्हटलं, "दिवाण परत नेतो."

"दान दिलेलं परत नेता येत नाही हो."

मी ऐकलं नाही. पायांकडची बाजू दोन्ही हातांनी उचलली. शालनची पावलं गेली. मग घोटे गेले. आवाज झाला नाही, तिने कूस बदलली नाही. मी घाबरून दिवाण खाली ठेवला. पावलं परत आली. पण उजव्या पायातलं जोडवं आलं नाही. मी पडवीभर रांगत ते शोधलं. वहिनींनीही शोधलं.

घरी आलो तर निशिकांत हॉलमध्ये उभा होता. तो म्हणाला, "बाबा, हॉल लहान झालाय."

जिथे दिवाण असायचा तिथे भिंत आली होती. रंग तोच होता. कॅलेंडरचा खिळा पण होता आणि त्याला कॅलेंडर होतं. निशिकांतने भिंत ठोकून बघितली. भरीव होती.

"आई गुरुजींकडे आहे," मी सांगितलं.

"तुम्ही जेवलात का?" एवढंच त्याने विचारलं. पण दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर आला. पडवीत आईला बघून तो खाली बसला.

शालनला उठून बसता येत नव्हतं, कारण दिवाण झोपायचा होता. म्हणून मी म्हैस द्यायची ठरवली. गुरुजींनी ताम्हन मांडलं आणि विचारलं, "वस्तूचं नाव काय घालू?"

"म्हैस."

"म्हैस म्हटलं तर म्हैस पोचेल, मयेकर. तुमच्या मिसेसना तिकडे शेणगोठा करावा लागेल. नीट सांगा."

"खुर्ची."

"आसन म्हणतो," गुरुजी म्हणाले. मी पाणी सोडलं. न मम.

पाणी ताम्हनात पडलं आणि शालन खुर्चीत होती. ताठ बसली होती, पदर नीट होता. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते. ती खालचं लाकूड बोटाने घासत होती. धूळ आहे का बघताना घासायची तसंच. माझ्या तोंडून काहीतरी आवाज आला. वहिनी आतून पाणी घेऊन आल्या.

आमच्या घरात म्हशीच्या जागी भिंत आली. भिंत खिडकीच्या मधोमध आली होती, त्यामुळे अर्धी खिडकी राहिली.

मग मी जेवणाचं टेबल दिलं. शालन जेवू लागली. काय जेवायची ते दिसत नव्हतं, पण घास घ्यायची आणि मीठ कमी असल्यासारखं तोंड करायची. आरसा असलेलं कपाट दिलं तेव्हा तिला चेहरा आला. त्याआधीही चेहरा होता, पण मी लक्ष देऊन बघितलं की तो नसायचा. आता होता. गालावरचा तीळ होता. आजारात गेलेले केस परत आले होते. मी दिवसभर तिथे बसून ते केस बघितले. बगळा दिला तेव्हा तिला आवाज आला.

पहिलं वाक्य ती वहिनींशी बोलली. "वेताला पाणी मारलंत का? उन्हाळा आहे."

"मारते हो," वहिनी म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुमची बाई चांगली आहे, मी काही म्हणत नाही. पण आता माझ्या घरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. मी स्वयंपाकघरात जायला मागल्या दाराने फिरून जाते."

मी शालनसमोर जाऊन उभा राहिलो. "शालन, मी आलोय."

तिने माझ्या जागेकडे बघितलं. माझ्याकडे नाही, जागेकडे. म्हणाली, "इथे वारा येतो कुठून तरी."

"मी आहे गं."

"ते दार लावून घ्या," ती वहिनींना म्हणाली.

मी शेजारच्या खुर्चीवर बसायला गेलो आणि थेट जमिनीवर आदळलो. खुर्ची माझ्या कमरेभोवती होती. बाहेर यायला मला निशिकांतने हात दिला.

गुरुजी म्हणाले, "ज्याच्यावरून पाणी सोडलंय ते आणि ते घेणारं आमचं घर, एवढंच त्यांना दिसतं. आणि दिलेल्या वस्तूवर देणाऱ्याला बसता येत नाही. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

त्यानंतर मी थांबलो नाही. मला वाटत होतं, पुढची वस्तू दिली की ती मला बघेल. झुलती खुर्ची दिली. ती झुलत गाणं गुणगुणायला लागली. मावशी दिली. तिने सरकतं दार उघडून आतून लोकर काढली आणि स्वेटर विणायला घेतला. स्वेटर माझ्या मापाचा होता. ती अंदाजाने खांदे लावत होती आणि दर वेळी उसवत होती. "कोणाचा आहे ते आठवत नाही," ती वहिनींना म्हणाली. "पण रुंद आहे माणूस."

इकडे निशिकांत माझ्याशी भांडायला लागला. त्याची खोली गेली होती. न्हाणीघर गेलं होतं. तो शेजारच्या शिरधनकरांकडे आंघोळीला जायचा आणि त्यांना नळ बिघडलाय म्हणून सांगायचा. एके सकाळी स्वयंपाकघरही गेलं. भिंत आली तेव्हा कुकर आत राहिला. शिट्टी झालेली आम्ही बाहेरून ऐकली.

"बाबा, बस करा," तो म्हणाला. "आता काय राहिलंय?"

"स्टूल."

"स्टूल ठेवा. एक तरी ठेवा. मी कुठे राहू?"

घर आता स्टुलाएवढं होतं. मी स्टुलावर बसायचो तेव्हा दोन्ही खांदे दोन भिंतींना लागायचे. निशिकांत अंगणात गाडीत झोपायचा. छप्पर माझ्या केसांवर टेकलेलं होतं. जिथे कार्याच्या दिवशी चाळीस माणसं पंगतीला बसली होती तिथे मी मान वळवू शकत नव्हतो.

स्टूल आम्ही गाडीतून नेलं. मी मागे बघितलं नाही. निशिकांतने बघितलं. "अंगण आहे फक्त," तो म्हणाला. "तुळस आहे."

गुरुजींकडे मी स्टुलावरून पाणी सोडलं. शालनने स्टूल ओळखलं. तिने ते पायाने जवळ ओढलं, त्याच्यावर हात फिरवला आणि ती हसली. "एवढ्या लांब जाऊन स्टूल आणलं," ती म्हणाली. मग ती इकडेतिकडे बघायला लागली. म्हशीकडे, बगळ्याकडे, मावशीकडे, दारातून बाहेर. "आणलं कोणी पण?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांचे डोळे भरले होते.

"आणलं कोणी?" शालनने परत विचारलं. तिचा आवाज चढला. आजारात मी औषधाच्या दुकानात गेलो की ती अशी हाक मारायची. "अहो वहिनी, कोणीतरी आणलं असेल ना हे सगळं? तो माणूस कुठाय?"

माझ्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं. मी गुरुजींना म्हटलं, "मलाच दान करून टाका."

"स्वतःला स्वतः देता येत नाही. देणारा वेगळा लागतो. ज्याचा हक्क आहे असा."

आम्ही तिघांनी निशिकांतकडे बघितलं.

"काय?" तो म्हणाला. "नाही. बाबा, नाही."

"निशी, ती विचारतेय."

"ती गेलीये! तिला अग्नी मी दिलाय. माझ्या हाताचे केस जळलेत. हे बघा."

"बघतोय मी. पण ती विचारतेय ना?"

गुरुजी अवघडून म्हणाले, "वडील म्हणून देता येणार नाहीत. त्यांचे यजमान म्हणून द्यावे लागतील. आणि शेवटचं वाक्य म्हणावं लागेल, माझं नाही म्हणून. मग तुमचा काही संबंध राहत नाही. त्यांना तुम्ही दिसायचेही नाहीत, तुम्ही त्यांच्यावर बसायला गेलात तर..." ते थांबले. "म्हणजे, तुम्ही हात धरायला गेलात तर."

"आणि राहायचे कुठे? इथेच?" वहिनींनी विचारलं. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "राहू देत. एकाला होतं तिथे दोघांना होतं. जेवायला काय लागतं त्यांना."

निशिकांतने माझा हात धरला. मनगट धरलं, लहानपणी बाजारात धरायचा तसं घट्ट. त्याच्या नखांच्या खुणा उमटल्या. मी त्याला सांगितलं की गाडीचा विमा भरायचाय. तुळशीला पाणी घाल म्हणून सांगितलं. आणखी काय सांगायचं ते मला सुचलं नाही. बाप म्हणून काहीतरी सांगायला हवं होतं, पण शालन विचारत होती, कोणी आणलं, कोणी आणलं, आणि मला तेवढंच ऐकू येत होतं.

गुरुजींनी माझ्या डोक्यावर तुळशीचं पान ठेवलं. ताम्हन माझ्या पायाशी ठेवलं. निशिकांतच्या हातात पळी दिली. त्याने ती घेतली. पाणी भरून घेतलं. पाणी अजून सांडलं नव्हतं.

"म्हणा," गुरुजी म्हणाले.

निशिकांतने तोंड उघडलं. पाणी पळीच्या काठाशी आलं आणि ताम्हनात पडलं.

पडवीत शालन खुर्चीतून उठली, दिवाणावर जाऊन आडवी झाली, आणि भिंतीकडे सरकली. तिच्यामागे दिवाणाचा वेत माझ्याखाली एका रुंद माणसाएवढा दबला.