ताईचे खांदे

मास्तरांचे हात गावाला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचे. एकदा वर्तमानपत्रात फोटो छापून आला, तोही नुसत्या हातांचा. उजवा हात वर गेला की तीस गळे एका क्षणी उघडतात, अशी ख्याती. दिवसा शाळेत संगीत शिकवायचं आणि संध्याकाळी शाळेच्याच सभागृहात गायकवृंद उभा करायचा, असं पस्तीस वर्षं चाललेलं. निम्मा वृंद म्हणजे त्यांचीच जुनी पोरं, आता केस पांढरे झालेली. असे हात जपायला हवेत, म्हणून वह्यांची पिशवी ताई उचलायची.

ताई ही मास्तरांची थोरली बहीण, चौसष्ट वर्षांची. चौकातलं शिवणकामाचं दुकान तिचं. वृंदात ती पुढच्या रांगेच्या डाव्या टोकाला उभी राहायची. रांगा चंद्रकोरीसारख्या वाकलेल्या, त्यामुळे ती सगळ्यांच्या नजरेच्या कोपऱ्यात असायची. आवाज तिचा बेताचाच. पण देवाचं गाणं लागलं की ती असा काही श्वास घ्यायची, की दोन्ही खांदे कानांना भेटून यायचे.

खरी गोम इथेच होती. मास्तरांचा हात उशिरा पडायचा. फार नाही, पापणी लवेल एवढाच. सूर आधी बाहेर यायचा आणि मग हात त्याला परवानगी द्यायचा. वृंद सुरू व्हायचा तो ताईच्या खांद्यांवर. हे वृंदातल्या औषधवाल्याला ठाऊक, टपालवालीला ठाऊक, शाळेच्या शिपायालाही ठाऊक. नवीन माणूस आला की पहिल्याच दिवशी त्याच्या कानात सांगत, "मास्तरांकडे आदराने बघायचं, ताईंकडे नीट बघायचं." एकट्या मास्तरांना याचा पत्ता नव्हता, आणि तो कधी लागू नये हीच ताईची धास्ती. ज्या हातांवर याने आयुष्य उभं केलं ते नुसतेच हवेत हलत होते, असं कळलं तर हा पुन्हा हात वर करील का?

पस्तीस वर्षं पूर्ण झाली म्हणून मास्तरांचा सत्कार ठरला. कॅमेरे येणार होते. तेव्हा वृंदाच्या चिटणिसांनी ठराव आणला: व्यासपीठाच्या शोभेसाठी साठीपुढच्या गायकांना सन्मानपूर्वक सल्लागार करावं. साठीपुढची वृंदात एकटी ताईच होती, पण ठराव सर्वांना सारखा लागू असल्यामुळे अन्याय कुणावरच झाला नाही. मास्तर छताकडे बघत राहिले आणि छताने हरकत घेतली नाही. ताईला पितळेचा बिल्ला मिळाला आणि तीस निळ्या कॉलर शिवायचं कामही.

तालमीच्या दिवशी ती बाजूच्या खोलीत शेवटची बटणं लावत बसली होती. आत सगळे उभे राहिल्याचा आवाज आला. मग काहीच आलं नाही. तिने सुई थांबवली. अजून काही नाही. दाराच्या फटीतून बघते तर मास्तरांचा हात वर, तीस तोंडं अर्धी उघडी. मास्तर सुराची वाट बघतायत आणि वृंद खांद्यांची.

"झोपलात का सगळे?" मास्तर कडाडले.

"नाही मास्तर," औषधवाला म्हणाला, "भारावलोय."

दुसऱ्या दिवशी औषधवाला आणि टपालवाली ताईच्या दुकानात येऊन उभे.

"ताई, परवा अब्रू जाणार."

"कुणाची?"

"आमची गेली तर चालेल हो. पण मास्तरांची?"

ताईने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत टाकल्या. "मी समोर प्रेक्षकांत बसेन. माझ्याकडे बघा. आणि त्याला कळता कामा नये, सांगून ठेवते. गाणं देवाला म्हणायचंय, फोटोत कोण आहे ते देव बघत नाही."

सत्काराच्या दिवशी पहिली रांग पाहुण्यांसाठी राखीव होती, म्हणून ताई दुसरीत बसली. तिच्या बरोबर पुढे प्रमुख पाहुणे, रुंदीने कपाटाएवढे. पाच भाषणं झाली. सहावं पाहुण्यांनी स्वतः केलं आणि खाली येऊन बसताच दमून जांभई दिली. त्यांचे खांदे भरपूर वर गेले.

वृंदाने प्रार्थनेला सुरुवात केली.

मास्तर अजून बाह्या सारख्या करत होते. त्यांनी गडबडीने हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. सभागृहात खसखस पिकली. मास्तरांची मान मागून लाल होताना ताईला दिसली. चौथीत असताना वर्गासमोर गाणं चुकलं तेव्हा झाली होती तशीच लाल.

तिने पुढे वाकून पाहुण्यांचे खांदे, माप घेताना दाबतात तसे, खाली दाबले. "साहेब, जरा दम धरा."

पण साहेब बसल्या जागीच डोंगर होते; त्यांच्याआडून ती दिसणार कशी? मास्तरांचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. कॅमेरे चालू. एक क्षण, दोन क्षण. ताई उठून उभी राहिली.

"अहो आजी, बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

"बसते हो, एवढं गाणं होऊ दे."

या गलबल्याने मास्तर वळले. त्यांना दिसली ती बहीण. छातीवर सल्लागाराचा बिल्ला, डोळे मिटलेले आणि खांदे वर, वर, कानांपर्यंत. आणि त्यांच्या पाठीमागे तीस गळ्यांनी एका क्षणी प्रार्थना उचलली, इतकी एकजीव की मागचे ओरडणारेही गप्प झाले.

मास्तर तसेच उभे राहिले, वृंदाकडे पाठ, हात अर्धवट वर. मग त्यांनी तो हळूच खाली घेतला, दुसऱ्या हातात धरला आणि ऐकत राहिले.

टाळ्या थांबता थांबेनात. पाहुणे चिटणिसांना म्हणाले, "काय तयारी! आता बघायचीसुद्धा गरज उरली नाही." वर्तमानपत्रानेही तेच छापलं.

गर्दी ओसरल्यावर मास्तर ताईजवळ आले. तिला त्यांच्याकडे बघवेना.

"कधीपासून, ताई?"

"चौथीपासून. तुला सुरुवात सापडायची नाही रे, बाळ."

"मग मी इतकी वर्षं करत काय होतो?"

"तीस माणसं रोज संध्याकाळी गोळा करत होतास. माझ्या हाकेला आली असती का ती? अंग ढिलं सोडलंय का, इथे दुखतंय का, असं विचारत एकेकाचा गळा चाचपून कुणी शिकवलं त्यांना? माझे खांदे फक्त 'निघा' म्हणतात. पोचवतोस तूच."

मास्तरांनी खाली वाकून वह्यांची पिशवी उचलली आणि दचकले.

"ही एवढी जड असते?"

"असते."

"सोमवारी तालीम आहे. डाव्या टोकाला उभी राहा. आणि स्वतःसाठी एक निळी कॉलर शिवून घे."

"शिवलेली आहे," ताई म्हणाली. "मी एकतीसच कापल्या होत्या."