डब्यातली नवरी

माझ्या कॉम्प्युटरला हँग व्हायला काळवेळ लागत नसे. गिऱ्हाईक समोर बसलेलं, अर्ज निम्मा टाइप झालेला, आणि पडद्यावरचा बाण जागच्या जागी चिकटून बसायचा. माऊस आपटा, कळा बडवा, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करा, हा आपला ढिम्म. मग बटण दाबून धरायचं, डबा बंद करायचा, पुन्हा चालू करायचा आणि गिऱ्हाईकाला म्हणायचं, "दोन मिनिटं हां, काका." ती दोन मिनिटं कधी दोन मिनिटांत संपली असतील तर शपथ.

तलासरीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच आमचं घर. पुढच्या खोलीत माझं दुकान. झेरॉक्स, टायपिंग, लग्नपत्रिका. कॉम्प्युटर मी वापीहून आणला तेव्हाच जुना होता. टेबलाखाली सुताराकडून एक खण करून घेतला होता, त्यात त्याचा डबा बसायचा. डब्याच्या दोन्ही बाजूंना हवेच्या जाळ्या, म्हणून दोन्हीकडे दोन-दोन बोटं फट ठेवलेली. सुरुवातीची वर्षं त्याने इमानेइतबारे काम केलं. मग एका थंडीत आमच्याकडे जमीन हलायला लागली. कधी मांडणीवरची भांडी वाजायची, कधी कौलं सरकायची. लोक घरं सोडून अंगणात झोपायला लागले आणि त्याच सुमारास माझा डबाही बिघडला.

साहजिकच जो येईल तो म्हणे, "धक्क्यानं झालं." त्या दिवसांत दूध नासलं तरी धक्क्याने आणि जावई रुसला तरी धक्क्याने. मलाही तेच खरं वाटायचं.

एरवी मी हे एवढं जिवाला लावून घेतलं नसतं. पण त्या डब्यात लग्नपत्रिका अडकली होती. माझ्या लग्नाची, आणि माझ्या आईबापाच्या लग्नाची.

बाहेरच्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. आमच्यात लग्न लावायचं म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण. ज्याला झेपत नाही तो तसाच घर मांडतो, पोरंबाळं होतात, कुणी नावं ठेवत नाही. लग्न तेवढं राहिलेलं असतं. मात्र पोराचं लग्न निघालं की आधी आईबापाचं लागायला हवं. मग एकाच मांडवात आधी बाप नवरा होतो, नंतर पोरगा. माझा बा बाळ्या आणि आई रखमी यांचं लग्न असंच राहून गेलं होतं. माझं सायवनच्या सुनिताशी ठरलं, तेव्हा त्यांचंही ठरलं.

पत्रिका छापायला मी आधी डहाणूरोडला गेलो होतो. तिथल्या माणसाने मजकूर वाचला आणि फिस्कन हसला. "बापाचं नि पोराचं एकाच पत्रिकेवर? लोक हसतील. आईबापाला खाली निमंत्रक म्हणून टाक." मी कागद त्याच्या हातातून ओढून घेतला. माझा बाप निमंत्रक नव्हता, नवरा होता. वापीहून कोऱ्या पत्रिकांचा गठ्ठा आणला आणि ठरवलं, की ही पत्रिका माझ्याच दुकानात, माझ्याच हाताने छापायची.

बा म्हणाला, "तुझी एकट्याची छाप ना. आम्ही म्हातारे. आम्हाला कोणाला दाखवायचंय?"

आई घोलवडला चिकूच्या वाडीत पॅकिंगला जाते. सकाळी दुकान झाडून काढते आणि टेम्पो आला की निघते. पण त्या संध्याकाळी आली ती पाय न धुता सरळ माझ्या टेबलापाशी.

"दाखव," म्हणाली.

मी पडद्यावर पत्रिका उघडली. वर आमच्या लग्नात भिंतीवर काढतात तो चौक काढला होता, चौकात देवी, भोवती नाचणारी माणसं. खाली दोन जोड्या.

"यात माझं कुठलं?" तिला सहीपुरतं येतं, वाचता येत नाही.

मी बोट ठेवलं. "चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी रखमी."

"आधारवर हाय तेच?"

"तेच. पण आधारवर तू नवरी नाहीस."

तिने पदर तोंडाला लावला आणि पोटभर हसली. मग खाली वाकून खणातल्या डब्याकडे बघत म्हणाली, "मंग आता हे यातच ऱ्हानार?"

"छापेपर्यंत यातच."

रविवारी पत्रिका घेऊन सायवनला जायचं होतं, सुनिताच्या घरी तसं कळवलं होतं. तोवर छापून झाली नाही तर बा म्हणत होता तेच होणार होतं. डहाणूरोडचा तो हसणारा माणूस, आणि पत्रिकेवर मी एकटा.

मग मी डब्याच्या मागे हात धुऊन लागलो. आधी आतल्या पट्ट्या काढून त्यांच्या कडा खोडरबराने घासल्या, कारण इंटरनेटवर सगळे तेच सांगतात. दुपारपर्यंत बरा चालला, मग हँग. व्हायरस असेल म्हणून तपासायला लावला, तर तो तपासता तपासताच हँग. सगळं पुसून नव्याने भरलं, तरी हँग. लाइट कमीजास्त होते म्हणून वायरमनला बोलावून अर्थिंग करून घेतलं. आतला पंखा फिरतोय का बघितलं, फिरत होता. सायकलच्या पंपाने धूळ उडवली. ती सगळी माझ्या नाकात गेली आणि डबा हँगच. पत्रिका पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या दुकानात गेलो, तर तिथे माझे फॉन्ट नाहीत. आईच्या नावाच्या जागी नुसते चौकोन.

कुणीतरी म्हणालं, चित्र जड झालं असेल. म्हणून चौकाभोवतीची माणसं काढायला घेतली. आधी नाचणारे गेले, मग तारपा फुंकणारा तारपेवालाही गेला. शेवटी चौकात एकटी देवी उरली, आणि तिच्यासकट तो हँग झाला. त्या दिवशी मी कीबोर्ड भिंतीवर मारणार होतो. तोही जुनाच होता, म्हणून वाचला.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, तसा मी शेवटी नविनभाईकडे गेलो. त्यांचं डहाणूरोडला रिपेअरिंगचं दुकान आहे. न्यायला म्हणून डबा खणातून ओढला, तर मागच्या खेपांसारख्याच दोन्ही बाजूंनी जाड चिंध्यांच्या दोन गाद्या निघाल्या. आईची पुसायची फडकी असतील, म्हणून मी त्या खुंटीला अडकवल्या, डबा मोटारसायकलवर बांधला आणि गेलो.

नविनभाईंनी तो दिवसभर चालवला. संध्याकाळी गेलो तर त्यावर चक्क पिक्चर लावून बसले होते. "आमां कंई नथी, काय नाय यात, मनिष," ते म्हणाले. "घोड्यासारखा पळतो. प्रॉब्लेम डब्यात नाय, तुझ्या घरात हाय."

मला त्यांचा असा राग आला की त्यांनी दिलेला चहाही मी घेतला नाही. घरी आणला, खणात बसवला, वायरी जोडल्या. त्या रात्री छान चालला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेपर्यंत पुन्हा मेल्यासारखा पडला.

शनिवार उजाडला. वाडीला सुट्टी होती, आई घरीच होती. मी सकाळपासून छपाईला बसलो. पहिली पत्रिका प्रिंटरमध्ये घातली, आज्ञा दिली, आणि पडदा गोठला. बंद केला, चालू केला, पुन्हा आज्ञा दिली, पुन्हा गोठला. तिसऱ्यांदा तर मजकूर उघडायच्या आतच. बा बाहेर बाजेवर बसून दोरी वळत होता. तिथून म्हणाला, "कशाला जीव काढतोस? तुझी एकट्याची—"

"एकट्याची नाही छापायची!" मी ओरडलो. "पुन्हा म्हणू नका! तुमचं लग्न आहे, तुम्हाला त्याची काही पडली आहे का?"

बाच्या हातातली दोरी थांबली. आई चुलीपासून उठून दारात आली आणि माझ्याकडेच बघत उभी राहिली. माझी मलाच लाज वाटली, पण तोंडातून गेलेलं काही परत येत नाही.

तेवढ्यात जमिनीखालून गुरगुर आली. टेबल थरथरलं, कौलांतून माती झरली. आम्ही तिघं बाहेर धावलो. सगळ्या पाड्यातली माणसं अंगणात आली, कुत्री भुंकायला लागली. हे आता अंगवळणी पडलं होतं. धक्का थांबला की थोडा वेळ बाहेर उभं राहायचं, मग कुणीतरी हसायचं, मग आत जायचं.

कुणी हसायच्या आत आई घरात गेलेली होती.

"आये, बाहेर ये! अजून येईल!" मी तिच्यामागे धावलो. दुकानात बघतो तर ती टेबलाखाली गुडघ्यांवर बसलेली. खुंटीला अडकवलेल्या त्या दोन गाद्या पुन्हा खणात होत्या, डब्याच्या दोन्ही बाजूंना. ती त्या तळहातांनी आत दाबत होती. आधी खालून, मग कोपऱ्यांतून, मग वरून एक थाप. पेटीत चिकू बसवताना तिचे हात असेच चालतात, मी लहानपणापासून बघत आलोय.

"काय करतेस हे?"

"सैल झालं व्हतं. धक्का लागला ना त्याला."

मी खाली बसलो. डब्याला हात लावला आणि झटकन मागे घेतला. तव्यासारखा तापला होता. दोन्ही जाळ्या त्या चिंध्यांनी गच्च बंद. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो वळसा मी डहाणूरोडपर्यंत घालून आलो होतो.

"हे कधीपासून?"

"जमीन हालायला लागली तवापासून. चिकूला धक्का लागला ना, तर वरून काय दिसत नाय. दोन दिसांनी फोडून बघावं तर आतून काळा. तुझा डबा पन आतून बिघडंल म्हनलं. घरी शिवल्या मी गाद्या."

"मी काढून ठेवल्या होत्या ना त्या?"

"तू इसरलास वाटलं. म्हनून सकाळी झाडताना परत लावल्या."

मी ओरडायला तोंड उघडलं. खोडरबर, अर्थिंग, नविनभाईंचा पिक्चर, काढून टाकलेला तारपेवाला, सगळं जिभेवर आलं होतं.

आई म्हणाली, "आता तर जास्तच जपाया पायजे. माझं नाव हाय त्यात."

राग आला नाही असं म्हणणार नाही, भरपूर आला. पण कुणावर काढावा ते ठरेना, तेव्हा तो रागही कामाचा राहिला नाही.

"आये," मी शेवटी म्हणालो, "याला हवा लागते. या जाळ्यांतून तो श्वास घेतो. आपण त्याचं नाक दाबलं, म्हणून तो बेशुद्ध पडायचा."

ती डब्याकडे बघत राहिली. "म्हंजे माझ्यामुळं?"

"माझ्यामुळं. इतके दिवस त्याच्यासमोर बसलोय, एकदा खाली वाकून बघितलं नाही."

तिने दोन्ही गाद्या उपसून काढल्या. मी डबा खणाबाहेर ओढून टेबलावर ठेवला, त्याची एक बाजू उघडली आणि समोर घरातला पंखा लावला. आई पदराने त्याला वारा घालायला लागली. "त्याची गरज नाही," म्हटलं, तरी घालत राहिली. गार झाल्यावर चालू केला. नाचणारे परत बसवले, तारपेवाला परत आणला, आणि आज्ञा दिली. प्रिंटर खरखरला आणि पत्रिका बाहेर आली. मग दुसरी, मग तिसरी. संध्याकाळपर्यंत सगळा गठ्ठा छापून झाला आणि तो एकदाही हँग झाला नाही, तेव्हा मी त्याला मनातल्या मनात दोन शिव्या घातल्याच.

पहिली पत्रिका आईने घेतली होती. नाव कुठलं ते या वेळी तिने विचारलं नाही. आपलं बोट बरोबर जागेवर नेलं, अक्षरांवरून फिरवलं, मग शेजारच्या नावावर ठेवलं. "हे तुझ्या बाचं," म्हणाली. बा दारात उभा राहून सगळं बघत होता, पण आत आला नाही.

दिवेलागणीला पुन्हा धक्का बसला, सकाळच्यापेक्षा जोराचा. मी आणि बा अंगणात धावलो. आई सगळ्यांत शेवटी बाहेर आली. त्या दोन गाद्या एकमेकींवर ठेवून चिकूच्या पेटीच्या सुतळीने बांधलेल्या, मधून पत्रिकेची कड डोकावत होती, आणि ते पुडकं तिने छातीशी धरलेलं. डबा आत टेबलावर एकटाच थरथरत होता. त्याच्याकडे तिने वळूनही बघितलं नाही.

बाने विचारलं, "काय हाय त्यात?"

"मी," आई म्हणाली. "मी न् तू."