केशरी दाणा

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझा आवाज गेला हे मला स्वतःला कळलंच नाही. ते कळलं दसऱ्यानंतरच्या सोमवारी, डोंबिवलीतल्या आमच्या घरी, तानाजीकाकांना.

त्या सकाळी टिटवाळ्याहून सुमतीचा फोन आला. सुमतीला दिसत नाही. ती सरकारी नोकरीच्या परीक्षेचा अभ्यास करते. तिच्यासाठी भूगोलाचं एक जाड पुस्तक मालनकाकू मोठ्याने वाचून माझ्यात भरत होत्या. मालनकाकू म्हणजे तानाजीकाकांच्या पत्नी. श्रावणात त्या वारल्या.

"काका, विचारू की नको असं चाललेलं," सुमती म्हणाली. "काकूंची चौदा प्रकरणं माझ्याकडे आलीत. पुढची चार वाचून ठेवलीत असं त्या म्हणालेल्या. ती मिळतील का? डिसेंबरात परीक्षा आहे."

"बघतो," काका म्हणाले.

काकू गेल्यापासून त्यांनी ती प्रकरणं उघडली नव्हती. त्या दिवशी त्यांनी चष्मा पुसला आणि पंधरावं प्रकरण लावलं. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. आवाज नव्हता. त्यांनी सोळावं लावलं, मग सतरावं, मग अठरावं. सगळी मुकी.

"भरलंच नाही गं तुझं," ते म्हणाले आणि तसेच बसून राहिले. त्यांना वाटलं, काकूंनी चुकीचं बटण दाबलं आणि शेवटच्या दिवसांतलं सगळं वाचन वाया गेलं. माझ्या मते मी मात्र छान खणखणीत बोलत होतो.

आता थोडं माझ्याविषयी सांगतो. मी कुठे बनलो ते मला आठवत नाही. मला या घरात आणलं ते समीक्षाच्या कॉलेजसाठी. समीक्षा ही यांची एकुलती एक मुलगी. चार वर्षं तिने मला खूप राबवलं. मग तिला नोकरी लागली, ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, लग्न होऊन ती ठाण्याला गेली. मी कपाटात गोधड्यांखाली गेलो. दोन वर्षं मला कोणी उघडलं नाही. वस्तूला तेवढी दोन वर्षं फार मोठी असतात.

कल्याणच्या एका संस्थेला अंध मुलांसाठी पुस्तकं वाचणारी माणसं हवी होती. मालनकाकूंनी नाव दिलं आणि मला गोधड्यांखालून ओढून काढलं. रोज दुपारी त्या खिडक्या लावायच्या, दाराला गोधडी अडकवायच्या, पंखा बंद करायच्या आणि घामाघूम होऊन वाचायच्या. खाली भंगारवाल्याची हाळी आली की थांबायच्या. तो गेला की तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून. वाचून झालं की सगळं एकदा ऐकायच्या, नको ते काढून टाकायच्या. ऐकल्याशिवाय काही पाठवायचं नाही, हा त्यांचा नियम होता. संस्थेत सत्कार झाला तेव्हा घरी येऊन त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ह्याला कोण विचारतंय? पण निम्मं काम ह्याचं आहे." एवढं कौतुक माझं आयुष्यात एकदाच झालं.

असो. त्या सोमवारी काकांनी समीक्षाला फोन लावला.

"बाबा, खाली उजव्या कोपऱ्यात स्पीकरचं चित्र आहे बघा. त्याच्यावर फुली आलीय का?"

"नाही. शंभर दाखवतोय."

"मग एखादं गाणं लावून बघा."

गाणंही वाजेना. काकांचा चेहरा एकदम उजळला. "समे, गाणंपण मुकं आहे!"

"मग खूश काय होताय?"

"अगं, म्हणजे तुझ्या आईचं काही चुकलं नाही. हे धूडच बिघडलंय."

धूड म्हटलेलं मला लागलं. पण त्यांचा आवाज ऐकून मी ते मनावर घेतलं नाही.

समीक्षाने मला बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. फरक पडला नाही. मग तिने विचारलं, "आवाज कुठे जातोय, तिथे काय लिहिलंय?"

"हेडफोन."

"अहो, मग काढा ना हेडफोन!"

"लावलाच नाही तर काढू काय, कपाळ?"

"बरं, चिडू नका. असं करा, त्या चार फाइली मला पाठवा. मी इथे ऐकते आणि सुमतीला पाठवते."

"आधी मी ऐकणार," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका मला पिशवीत घालून दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेले. दुकानातल्या चांगदेवने दहा मिनिटं बटणं दाबली. "काका, आतलं सगळं गंडलंय. पुसून नव्याने टाकावं लागेल."

"पुसून म्हणजे?"

"आत जे भरलंय ते जाईल. आधी कॉपी काढून ठेवू, पण डिस्क जुनी आहे, गॅरंटी नाही देत. नाहीतर नवीनच घ्या ना. ह्याचं वय झालंय."

"वय माझंपण झालंय," काका म्हणाले आणि त्यांनी मला परत पिशवीत घातलं.

तानाजीकाका तीस वर्षं एमआयडीसीत फिटर होते. घरी येऊन त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि मशीन बंद पडल्यावर बघायचे तसं चहूबाजूंनी बघितलं. हेडफोन नाही, आणि हा म्हणतोय आहे. म्हणजे ह्याला तिथे काहीतरी लागत असणार. त्यांनी मला बंद केलं, बॅटरी आणली आणि माझ्या कडेच्या, हेडफोन लावायच्या भोकात उजेड टाकला. आत तळाशी काहीतरी केशरी दिसलं.

ती अक्षता होती. कुंकवात भिजवलेला तांदळाचा एक दाणा.

झालं होतं असं. खंडेनवमीला काकांनी पाटावर नट आवळायचे पाने, पक्कड आणि काकूंची कात्री मांडली. शेजारच्या सगुणाबाई दारातून म्हणाल्या, "भाऊजी, वर्ष झालं नाही अजून. यंदा सण नसतो घरात."

"सण कुठे करतोय? हत्यारं पुजतोय. हत्यारांना कसलं सुतक?"

मग त्यांनी मलाही आणलं. काकू मला आडवं ठेवून बोटभर कुंकू लावायच्या, बस. काकांनी मला तसबिरीसारखं भिंतीला टेकवून उभं केलं. माझं कडेचं भोक वर आलं आणि काकांनी हात भरून ओल्या अक्षता टाकल्या. दाणा आत गेला, वाळला आणि घट्ट बसला. मला वाटलं, कोणी हेडफोन लावला. तेव्हापासून मी मालनकाकूंचा आवाज त्या तांदळाच्या दाण्याला ऐकवत होतो.

"कारखान्यात मशीन झाकल्याशिवाय अक्षता टाकल्या तर पोरांना शिव्या घालायचो मी," काका स्वतःशीच म्हणाले. त्यांनी केरसुणीची एक काडी मोडून घेतली आणि हळूहळू दाणा सैल केला. अर्धा तास लागला. मग मला उलटं धरून तळहातावर थोपटलं. दाणा बाहेर पडला.

त्यांनी पंधरावं प्रकरण लावलं.

"प्रकरण पंधरा. कोकणातील नद्या," मालनकाकू म्हणाल्या.

काका उठले, त्यांनी पंखा बंद केला आणि परत येऊन बसले. चारही प्रकरणं त्यांनी सलग ऐकली. सतराव्या प्रकरणात मध्येच काकू ओरडतात, "अहो, चार शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करा ना! ऐकू येतंय का?" आणि लांबून काकांचा आवाज येतो, "केला, केला."

हे काढायचं कसं ते काकांना येत नव्हतं. त्यांनी समीक्षाला विचारलंही नाही. चारही प्रकरणं तशीच सुमतीला पाठवली. संध्याकाळी तिचा फोन आला. "काका, सतराव्यात काकू तुम्हाला ओरडल्यात."

"हो. ते काढायचं राहिलं."

"राहू द्या. माझं वाचन थांबत नाही त्याने."

मित्रांनो, तुमच्या घरातही माझ्यासारखं एखादं जुनं यंत्र असेल. त्याची पूजा जरूर करा, पण त्याला आडवं ठेवा आणि अक्षता बेताने टाका. ते गप्प झालं तर लगेच पुसायला किंवा टाकून द्यायला निघू नका. उजेड धरून आधी नीट बघा. आणि आपल्या माणसाचा आवाज कुठे भरलेला असेल तर त्याची प्रत एका जागी नको, दोन-तीन जागी ठेवा. आता समीक्षाने आमच्या प्रती तशा ठेवल्या आहेत.

परवा दुपारी काकांनी खिडक्या लावल्या, दाराला गोधडी अडकवली आणि भूगोलाचं ते पुस्तक उघडलं. "प्रकरण एकोणीस," एवढं ते म्हणाले आणि थांबले. मी पुढची बारा मिनिटं भरून घेतली. त्यात दुसरं काही नाही.

एकोणीस ते तेवीस, पाच प्रकरणं वाचायची राहिली आहेत.